बीगलबोन ब्लॅक: स्वतः कर्नल बिल्ड करणाऱ्यांसाठी परीक्षण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये एखाद्या मशीनवर कायमचा बसवायला, किंवा चिकोडी-अथणीकडच्या उसाच्या पंपघरात लावून सोडून द्यायला लिनक्सचा बोर्ड हवा असेल, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) आपल्या हाताने बिल्ड करायची, म्हणजे सोर्समधून तयार करायची, तयारी असेल, तर बीगलबोन ब्लॅक घ्या. पाचपैकी साडेचार गुण. तयार इमेज कार्डावर टाकून टीव्हीला जोडायचा एवढंच काम असेल, तर मात्र हा तुमचा बोर्ड नव्हे. त्या कामाला रास्पबेरी पाय स्वस्त पडतो आणि वेगवानही आहे.

बोर्ड २०१३ सालचा. टीआयचा (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा) एएम३३५८ प्रोसेसर, एकच कॉर्टेक्स-ए८ कोअर, १ गीगाहर्ट्झ. रॅम ५१२ एमबी. रेव्हिजन सीपासून ४ जीबी ईएमएमसी (साठवणुकीची चिप) बोर्डावरच सोल्डर केलेली मिळते. दोन्ही कडांना ४६-४६ पिनांची हेडर, १०/१०० इथरनेट, एक यूएसबी होस्ट. आजच्या मानाने हे आकडे लहान आहेत. पण फर्नेसचं तापमान वाचून मॉडबसवर (मशीनी एकमेकांशी बोलायची पद्धत) पाठवणं, किंवा पंपाचा स्टार्टर वेळेवर चालू-बंद करणं, याला एवढी ताकद पुरून उरते.

खरी किंमत वसूल होते ती कर्नलमध्ये. कर्नल डॉट ऑर्गवरून ६.१२ हा दीर्घकाळ देखभालीचा कर्नल उतरवा, एकही पॅच न लावता बिल्ड करा, बोर्ड बूट होतो. बाजारातले कितीतरी स्वस्त बोर्ड कंपनीने एकदा दिलेल्या जुन्या कर्नलवर अडकून पडतात, सुरक्षेची दुरुस्ती येत नाही आणि नवा यूएसबी डोंगल ओळखला जात नाही. मशीन दहा वर्षं चालवायचं असेल तर ही गोष्ट रॅमच्या आकड्यापेक्षा मोठी आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बोर्ड निवडणाऱ्या मुलांनीही आधी हेच बघावं.

बिल्ड बोर्डावर करू नका. ५१२ एमबी रॅममध्ये ते होतं, पण दिवस जातो आणि कार्ड झिजतं. उबुंटू किंवा डेबियन असलेला साधा पीसी पुरे. सोर्सचं दाबलेलं पॅकेट १४० एमबीच्या आसपास आहे, उघडल्यावर दीड जीबीच्या घरात जातं. बिल्डसाठी आणखी पाच-सहा जीबी मोकळी ठेवा. गिटने घेणार असाल तर डेप्थ १ द्या, नाहीतर सगळा इतिहास उतरवण्यातच महिन्याचा डेटा संपेल. पॅकेजं लागतात ती अशी: बायसन, फ्लेक्स, बीसी, लिब-एसएसएल-डेव्ह, लिब-एनकर्सेस-डेव्ह आणि क्रॉस कंपाइलर (पीसीवर बसून बोर्डासाठीचा कोड तयार करणारा). कंपाइलर ३२ बिट आर्मचा, म्हणजे नावाच्या शेवटी ग्नू-ईएबीआय-एचएफ असलेला. शेवटी एचएफ नसलेल्या कंपाइलरनेही कर्नल बिल्ड होतो, कारण कर्नल फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअरवर टेकून चालत नाही. पण त्याच कंपाइलरने केलेला तुमचा प्रोग्रॅम बोर्डावरच्या डेबियनवर चालणार नाही. एआर्च६४ नावाचा कंपाइलर हा ६४ बिट बोर्डांचा, तो इथे उपयोगाचा नाही.

आता एक चूक, जी जवळजवळ प्रत्येक जण करतो. आर्च म्हणजे आर्म, आणि क्रॉस-कंपाइल म्हणजे कंपाइलरच्या नावाचा पुढचा भाग, शेवटच्या आडव्या रेघेसकट, ही दोन चलं प्रत्येक मेक कमांडला दिसली पाहिजेत. पहिल्या कमांडला दिली आणि मेन्यूकॉन्फिगला (पर्याय निवडायच्या मेन्यूला) विसरलात, तर मेक समजतो की तुम्ही पीसीचाच कर्नल करताय. सेव्ह करून बाहेर पडलात की डॉट-कॉन्फिग फाइल (निवडलेल्या पर्यायांची) एक्स८६ ची, म्हणजे पीसीची, झालेली असते आणि दोन तासांची निवड गेलेली असते. म्हणून टर्मिनल उघडल्याबरोबर दोन्ही एक्स्पोर्ट करा. त्याहून चांगलं म्हणजे चार ओळींची शेल फाइल करून ठेवा आणि दर वेळी ती सोर्स करा.

सुरुवातीची कॉन्फिग दोन ठिकाणांहून घेता येते. मल्टी-व्ही७-डेफकॉन्फिगमध्ये आर्मव्ही७ चे जगभरातले बोर्ड येतात. ती चालते, पण बिल्ड लांबतो आणि शेकडो नको असलेली मॉड्यूल (गरजेनुसार लोड होणारे कर्नलचे सुटे भाग) तयार होतात. ओमॅप२प्लस-डेफकॉन्फिग टीआयच्या या घराण्यापुरती आहे, तीच घ्या. तिच्यातही काटछाट करायला जागा आहे. ओमॅप२ हा आर्मव्ही६ चा जुना प्रोसेसर तिच्यात चालू असतो, तो बंद करा. ओमॅप३, ओमॅप४, ओमॅप५, एएम४३ आणि डीआरए७ बंद करा, एएम३३ (आपला प्रोसेसर) तेवढा ठेवा. कोअर एकच असल्याने एसएमपीही (अनेक कोअरची सोय) बंद करता येतं. एवढ्याने बिल्ड हलका होतो आणि पुढे मेन्यूत शोधाशोधही कमी होते.

मेन्यूकॉन्फिगमध्ये पर्याय डोळ्यांनी शोधत बसू नका. तिरपी रेघ दाबा, नाव टाइप करा. जो पर्याय मेन्यूत दिसतच नाही, त्याच्याखाली डिपेंड्स ऑन अशी ओळ येते आणि कोणती अट अपुरी आहे ते तिथेच कळतं. डॉट-कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हाताने ओळ घालणारे पुष्कळ आहेत. अट पुरी नसेल तर पुढचा मेक ती ओळ गुपचूप काढून टाकतो, आणि ‘मी तर ऑन केलं होतं’ म्हणत माणूस दिवस घालवतो. हाताने बदल केलाच तर ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि नंतर तीच ओळ ग्रेपने शोधून बघा, राहिली आहे की गेली. काम संपल्यावर सेव्हडेफकॉन्फिग करा. हजारो ओळींच्या फाइलऐवजी कर्नलच्या डीफॉल्टपेक्षा वेगळ्या निवडी तेवढ्या असलेली छोटी फाइल मिळते, तीच जपून ठेवायची.

वाय (कर्नलातच बांधलेलं) की एम (सुटं मॉड्यूल), हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टीम) न वापरता कार्डावरून थेट रूट (मुख्य फाइलसिस्टीम) माउंट करायचं असेल, तर तिथपर्यंत पोचायला जे जे लागतं ते सगळं वाय हवं. ईएक्सटी४ वाय. एमएमसीचा ब्लॉक ड्रायव्हर वाय. एमएमसी कंट्रोलर नव्या कर्नलात एसडीएचसीआय-ओमॅप या ड्रायव्हरने चालतो, जुन्यात ओमॅप-एचएसने. दोन्ही वाय ठेवले तर नुकसान काही नाही. डेव्हटीएमपीएफएस आणि त्याचं आपोआप माउंट होणं, दोन्ही वाय. आय२सी-ओमॅप आणि टीपीएस६५२१७ वाय, कारण बोर्डाची वीज सांभाळणारी चिप तीच आहे. रेग्युलेटरमधला फिक्स्ड-व्होल्टेज हा पर्याय लोक बिनकामाचा समजून काढतात. कार्डाला मिळणारे ३.३ व्होल्ट डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) याच ड्रायव्हरच्या नावावर आहेत. तो नसला की एमएमसी ड्रायव्हर त्याची वाट बघत थांबून राहतो, आणि स्क्रीनवर ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ यापलीकडे काही येत नाही.

कर्नल पॅनिक आला (कर्नल बूट होताना कोसळला) तर आधी कंसातले दोन आकडे वाचा. अननोन-ब्लॉकपुढे ०,० असेल तर कर्नलला डिव्हाइसच सापडलेलं नाही: कंट्रोलरचा ड्रायव्हर, रेग्युलेटर, किंवा बूट आर्ग्युमेंटमध्ये रूटवेट (कार्ड सापडेपर्यंत थांबायचा पर्याय) राहिलंय. १७९ आणि पुढे काही आकडा असेल, तर कार्ड सापडलंय (१७९ हा एमएमसी ब्लॉकचा मेजर नंबर), पण त्यावरची फाइलसिस्टीम वाचता येत नाही: ईएक्सटी४ राहिलं, किंवा पार्टिशन चुकलं. हे दोन आकडे न बघता कार्ड पुन्हा पुन्हा फॉरमॅट करत बसणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. रूट सांगताना एमएमसीबीएलके० असा नंबर देऊ नका. कार्ड आधी सापडलं की ईएमएमसी, यावर तो बदलू शकतो. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या.

लोकलमॉडकॉन्फिग ही सोय मोहात पाडते: चालू बोर्डावरच्या एलएसमॉडची (लोड झालेल्या मॉड्यूलची) यादी द्यायची आणि जी मॉड्यूल लोड झालेली नाहीत ती सगळी कॉन्फिगमधून जातात. वापरायला हरकत नाही, फक्त यादी घेताना पुढे कधीही लागणारी प्रत्येक वस्तू बोर्डाला लावलेली असू द्या. यूएसबी-सिरीयल केबल त्या क्षणी लावलेली नव्हती तर सीएच३४१ चा ड्रायव्हर गेला, आणि ते कळतं ते होनग्याच्या साइटवर मीटर जोडल्यावर. सीएच३४१, सीपी२१०एक्स, एफटीडीआय आणि पीएल२३०३ ही चारही मॉड्यूल एम करून ठेवा. कुठली केबल हाती येईल सांगता येत नाही.

मग झेड-इमेज (कर्नलची फाइल), मॉड्यूल आणि डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) बिल्ड करायचे. चार कोअरच्या पीसीवर जे-४ द्या. मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, तीच कमांड पुन्हा द्या, झालेलं काम पुन्हा होत नाही. मात्र त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ओ-फाइल शून्य बाइटची किंवा अर्धवट राहते आणि लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणतो. एररमध्ये नाव असतं, ती एक फाइल उडवा आणि पुढे चला. सगळं क्लीन करून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

मॉड्यूल बसवताना इन्स्टॉल-मॉड-पाथ द्यायलाच हवा. तो विसरून सुडोने मॉड्यूल्स-इन्स्टॉल चालवलं तर आर्मची मॉड्यूल तुमच्या पीसीच्याच लिब-मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतात. पीसी बिघडत नाही, पण कार्डावर काहीच गेलेलं नसतं. सोबत इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप बरोबर १ द्या. कॉन्फिगमध्ये डीबग माहिती चालू असेल तर स्ट्रिप न केलेली मॉड्यूल ४ जीबीच्या ईएमएमसीला जड जातात. लोकलव्हर्जनमध्ये स्वतःची खूण घाला, उदाहरणार्थ वजा-फर्नेस१. अशाने जुना आणि नवा कर्नल एकाच कार्डावर सुखाने नांदतात. गिटच्या झाडात बदल केला असेल तर आवृत्तीच्या मागे आणखी अक्षरं किंवा अधिकचं चिन्ह लागतं, मग मॉड्यूलच्या फोल्डरचं नाव आणि कर्नलचं नाव जुळलं नाही तर एकही मॉड्यूल लोड होत नाही. बोर्डावर यूनेम वजा आर काय म्हणतं ते आणि फोल्डरचं नाव अक्षरशः सारखं हवं.

बीगलबोर्डच्या डेबियन इमेजवर नवा कर्नल लावणं सोपं आहे. झेड-इमेज बूट फोल्डरमध्ये व्हीएमलिनझ-आवृत्ती या नावाने ठेवा, डीटीबी बूटमधल्या डीटीबीएस फोल्डरात आवृत्तीच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये, आणि यूईएनव्ही डॉट टीएक्सटीमधली यूनेम_आर ही ओळ बदला. नाही बूट झाला तर कार्ड पीसीला लावून तेवढी ओळ पूर्वीची करा. जुना कर्नल कधीही पुसू नका. ६.५ पासून टीआयच्या डीटीएस (डिव्हाइस ट्रीच्या सोर्स) फाइली बूट/डीटीएसच्या आत टीआय/ओमॅप या उपफोल्डरात गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधली स्क्रिप्ट फाइल सापडत नाही म्हणून थांबते.

बोर्डासोबत सिरीयल केबल घ्यायलाच हवी. इथरनेटवर एसएसएच होतंय म्हणून ती टाळणाऱ्याला कर्नल कुठे अडला हे कधीच दिसणार नाही. जे१ हेडरवर सहा पिना आहेत: १ नंबर ग्राउंड, ४ नंबर बोर्डाची आरएक्स, ५ नंबर टीएक्स. तीनच तारा लावायच्या, ३.३ व्होल्टची केबल, वेग १,१५,२००. ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ येऊन पुढे शांतता पसरली तर दहातले आठ वेळा कर्नल चालू असतो, फक्त बोलत नसतो. जुन्या लेखांत कन्सोल टीटीवाय-ओ० आहे, आता ते टीटीवाय-एस० आहे. ८२५०-ओमॅप ड्रायव्हर आणि त्याचा कन्सोल दोन्ही वाय आहेत ना बघा. तरीही शांतता असेल तर अर्लीकॉन (बूटच्या अगदी सुरुवातीपासून संदेश दाखवणारा पर्याय) लावा.

कार्डावरून बूट करायला एस२ बटन दाबून धरून मग वीज द्यायची. रीसेट बटनाने हे होत नाही, वीज काढूनच घालावी लागते. हे न केल्यास ईएमएमसीमधला जुना यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आधी धावतो आणि कार्डावरचा तुमचा नवा यू-बूट बाजूलाच राहतो.

डिव्हाइस ट्रीचं एक उदाहरण जवळून बघू, कारण आपल्याकडे ऊर्जामीटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) जोडायला आरएस-४८५ (लांब तारेवरची सिरीयल जोडणी) रोजच लागतं. युआर्ट४ (बोर्डाचं एक सिरीयल पोर्ट) घ्या. त्याच्या पिना पी९ वर ११ (आरएक्स) आणि १३ (टीएक्स). डीटीएसमध्ये युआर्ट४ चं स्टेटस ओके केलं की बोर्डावर टीटीवाय-एस४ दिसू लागतं, लोक खूश होतात, आणि मीटर काही बोलत नाही. कारण पिना अजून त्यांच्या मूळ कामालाच जुंपलेल्या आहेत. पिनमक्समध्ये (पिनेचं काम ठरवणाऱ्या भागात) जीपीएमसी-वेट० ही पिन इनपुट पुलअप आणि मोड ६, जीपीएमसी-डब्ल्यूपीएन ही आउटपुट आणि मोड ६, असा गट लिहून युआर्ट४ च्या नोडमध्ये पिनकंट्रोल-० ला जोडायचा. ड्रायव्हर लागला म्हणजे तार जोडली गेली असं नव्हे. इथेच दुसरा धोका: बाजारात सहज मिळणारी निळी आरएस-४८५ मॉड्यूल बहुतेक मॅक्स४८५ ची, म्हणजे ५ व्होल्टची असतात. त्यांची आरओ पिन ५ व्होल्ट देते आणि या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या पलीकडे सोसत नाहीत. मॅक्स३४८५ घ्या. आणि बोर्ड बंद असताना त्याच्या पिनांवर बाहेरून व्होल्टेज येऊ देऊ नका, चिप त्यानेही जाते.

एडीसी (पिनेवरचं व्होल्टेज आकड्यात वाचणारा भाग) बारा बिटचा आहे पण मर्यादा १.८ व्होल्ट. फाउंड्रीत तापमानाचे ट्रान्समीटर ४ ते २० मिलीअँपचे असतात, त्यांना ७५ ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर लावा. ४ मिलीअँपला ०.३ व्होल्ट, २० ला दीड व्होल्ट मिळतात. वाचन साधारण ६८३ ते ३४१३. ट्रान्समीटर बिघडून २२ मिलीअँप देऊ लागला तरी १.६५ व्होल्टच होतात. लूपचे २४ व्होल्ट थेट येऊ शकतात म्हणून पिनेआधी सिरीज रेझिस्टर आणि क्लॅम्प (जादा व्होल्टेज अडवणारा) हवाच. कॉन्फिगमध्ये टीआय-एएम३३५एक्स-एडीसी आणि त्याचा एमएफडी पालक (ज्यावर तो अवलंबून आहे तो ड्रायव्हर) चालू करा.

अर्धा गुण कापला तो विजेच्या बाजूने. बोर्डावर घड्याळाला बॅटरी नाही. वीज जाऊन आली आणि नेट नसेल तर तारीख चुकते, लॉग बिघडतो. डीएस३२३१ या बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल आय२सी-२ वर लावा आणि डीएस१३०७ हा ड्रायव्हर वाय करा; डीएस३२३१ ला तोच चालवतो. वीज अचानक जाण्याने कार्डावरची फाइलसिस्टीम खराब होते, म्हणून पंपघरात रूट रीड-ओन्ली ठेवा आणि लॉगसाठी वेगळं पार्टिशन करा. ओमॅप-वॉचडॉग वाय करून त्याला जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम लावा. मूळ मुदत ६० सेकंदांची आहे. कर्नल लटकला तर बोर्ड स्वतः उठतो आणि रात्रीच्या थ्री-फेजच्या वेळी कुणाला शिवारात जावं लागत नाही. अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपचा, जाड पिनेचा. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर याच जॅकमध्ये बसतो, म्हणून ५ व्होल्टच्या वायरला रंगीत टेप लावून ठेवा. इथरनेटची फी (पीएचवाय) चिप वीज येताना कधी कधी कर्नलला सापडतच नाही. ही या बोर्डाची जुनी, माहीत असलेली खोड आहे. त्यावर रीबूट पुरत नाही, वीज पूर्ण काढून घालावी लागते. मानवविरहित जागी याची सोय रिलेने आधीच करा.

फर्नेस किंवा स्टेपर मोटरला पक्क्या वेळेची गरज असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलला पक्क्या वेळेत काम करायला लावणारी सोय) ६.१२ मध्ये मूळ कर्नलात आलं, पण ते एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्हीसाठी. या ३२ बिट बोर्डाला त्या आवृत्तीवर आरटीचा पॅच वेगळा लावावा लागतो. मायक्रोसेकंदाच्या कामाला पॅचच्या मागे न लागता बोर्डावरचे दोन पीआरयू वापरा. २०० मेगाहर्ट्झचे हे छोटे प्रोसेसर लिनक्सला न विचारता पिन हलवतात. त्यासाठी टीआय-पीआरयूएसएस आणि पीआरयू-रिमोटप्रॉक चालू हवेत.

खरेदी करताना रेव्हिजन विचारून घ्या, सीपेक्षा जुना बोर्ड घेऊ नका. भट्टीजवळ लावायचा असेल तर उणे ४० ते ८५ अंशांची इंडस्ट्रियल आवृत्ती मागवा. खानापूर, जांबोटीच्या पावसात लावणार असाल तर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या थराचा) स्प्रे मारा, पण जे१, कार्डाचा खाचा आणि दोन्ही हेडर आधी टेपने झाकून.